वळसा

बॅटरी काखेत ठेवते मी,
तीन लोकरी थरांच्या आत, अंगालगत.
उणे सव्वीसला बाहेर ती दहा मिनिटंही तग धरत नाही,
आणि माझा श्वास कॅमेऱ्याच्या काचेवर
पांढरा होऊन बसतो.

एकतीस वर्षं याच रस्त्याने टपाल वाटलं.
अठ्ठावन्न पेट्या, शेवटची तळ्यापलीकडे.
पक्षी तेव्हाही होतेच की,
पण मान वर करायला सवड कुणाला?
आता खुब्यात स्टील आहे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्की विसरा, तुओवी,
घरापासून चारशे पावलं, फार तर.

मोजली मी.
सौना लागतो, लाकडांची रास लागते,
पिहलायाचं झाड, थव्यांनी नोव्हेंबरातच साफ केलेलं,
आणि उर्पोच्या कुंपणापाशी संपतात.

जानेवारीत साडेनऊला उजाडतं, अडीचला दुकान बंद.
तेवढ्यात वल्गुली सूर्यफुलाचं बी उचलते,
पायाखाली दाबून फोडते, जाते.
बहुतेक वेळा माझ्याकडे उरते
हलणारी फांदी.

भाचा योनास दर मार्चला नॉर्वेला जातो, गरुडांसाठी.
त्याची लेन्स माझ्या धुराड्याएवढी.
फोनवर विचारतो, मावशी, तुझ्याकडे काय?
बुंधा, मी म्हणते. तोच.
त्रेचाळीस फोटो झाले.

आणि परवा, रविवारी,
रस्त्याच्या कडेला बर्फात एक भोक.
तळाशी विष्ठेची नीट रास,
आणि दोन्ही बाजूंना पंख,
एकेक पीस वेगळं मोजावं असे.
रात्रभर टेरी आत झोपला होता, बर्फ पांघरून,
आणि पहाटे फुटला असेल वर,
काळा, कोंबड्याएवढा, एका फटक्यात.
स्वतःचा फोटो स्वतःच काढून गेला,
खऱ्या मापाचा.

गुडघा वाकेना, म्हणून पोटावर झोपले.
सात काढले. आठव्याला बॅटरी गेली.
आणि मागून पिवळा दिवा फिरत आला,
उर्पोचा ट्रॅक्टर, पुढे बर्फाचं फाळ.

उर्पो माझ्याशी बोलत नाही,
चुकीच्या पेटीत पडलेल्या एका पत्रावरून,
वीसेक वर्षं झाली.
उठता येईना. हातमोजा वर केला नुसता.
तो उतरला. माझ्याकडे नाही,
त्या भोकाकडे बघत राहिला बराच वेळ.
"टेरी," म्हणाला.
मग बटाट्याच्या पोत्यासारखं मला उभं केलं,
ट्रॅक्टरवर चढला,
आणि फाळ दीड मीटर डावीकडे घेतलं,
स्वतःच्या बेरीच्या झुडपांवरून.

रात्री वीतभर बर्फ पडलं. पंख गेले.
सातही फोटो धुरकट आले, श्वासामुळे.

रस्ता मात्र तसाच साफ होतो अजून,
तिथे वाकून, पुन्हा सरळ.
नवा टपालवाला पोरगा रोज वेग कमी करतो,
काच खाली घेऊन बघतो,
खड्डा नाही, दगड नाही,
आणि मग सावकाश, वळशानेच जातो.