तांबड्यातली सुई

सभेचा आवाज मी सांभाळतो.
आवाज म्हणजे भोंगे, वायरी, एक जुना मिक्सर,
चिकटपट्टीची तीन बंडलं.
काय बोलायचं ते त्यांचं. किती मोठ्याने, ते माझं.

पनाय बेटाच्या उत्तर टोकाला, बास्केटबॉलच्या कोर्टवर
दुपारी दोनपासून माणसं बसलेली.
अंगाला सुक्या मासळीचा वास, लेकरं मांडीवर पेंगुळलेली,
हातात त्याच्या चेहऱ्याचे पुठ्ठ्याचे पंखे.
म्हणजे वारासुद्धा त्याचाच.

साडेसातला आला.
गाविनो आल्तारेहोस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
व्यासपीठ सोडून आधी गर्दीत शिरला,
ओन्यांग म्हातारीचा हात उचलून
आपल्या कपाळाला टेकवला, थोरल्या मुलासारखा.
तो हात तिने दोन दिवस पाण्यात घातला नाही.
भांडी सुनेने घासली.

मी हसलो नाही. हसण्यासारखं नव्हतं.
वादळात तिचं छप्पर उडालं तेव्हा
सरकारी पत्रे आलेच नाहीत,
त्याचं पोस्टर आलं, जाड ताडपत्रीचं, बारा बाय आठ.
तेच तिने वर ताणून बांधलं, चेहरा आतल्या बाजूला.
म्हातारी रोज त्याच्या दातांखाली झोपते.
गळत नाही, एवढं मात्र खरं.

पाचव्या मिनिटाला मुख्य वायरचा सांधा निखळला.
दिवे चालू, भोंगे मुके.
त्याला कळलं नाही, तो बोलत राहिला.
पहिल्या तीन रांगा सोडल्या तर कुणालाच
अक्षर ऐकू जात नव्हतं.
बोट वर गेलं, लोक उठले.
मूठ छातीवर आली, बायकांनी डोळे पुसले.
तो श्वासाला थांबला,
टाळ्या.

रेडिओसाठी गर्दीकडे तोंड करून ठेवलेला
दुसरा माईक तेवढा जिवंत होता.
त्याची सुई तांबड्यात गेली आणि तिथेच थरथरत राहिली.

माझ्या पुढ्यातच तिबुर्सियो, होड्यांना डांबर लावणारा,
शेजाऱ्याला विचारत होता, ‘काय म्हणाला?’
‘गप. ऐकू दे.’
‘अरे पण म्हणाला काय?’
‘ऐकू दे म्हटलं ना!’
तिसऱ्यांदा विचारायला तो उभा राहिला
तेव्हा कुणीतरी मागून त्याची खुर्ची ओढली.
मारामारी नाही, शिवी नाही.
तो बसायला गेला आणि खाली खुर्ची नव्हती, एवढंच.
लोक हसले. धूळ झटकत तोही हसला.
सभा सुटल्यावर फाटकाशी दिसला,
तेव्हा त्याच्याही हातात पंखा होता.

गाविनो वाईट आहे असं मी म्हणत नाही.
त्याने माझं बिल त्याच रात्री चुकतं केलं, वर जेवण.
आधीच्या आमदारांनी मला वर्ष वर्ष खेटे घालायला लावलेत.
कदाचित त्या चार मिनिटांत तो
बंदराच्या धक्क्याबद्दल खरंच काही चांगलं बोलला असेल.
कदाचित म्हणाला असेल, किनारा विकायला काढतोय.
कोण सांगणार?
टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात.
त्या रात्री वाजली. हजारदा वाजली.

आता हे सांगून टाकतो.
सांधा मला पहिल्याच मिनिटाला सापडला होता.
अंगठा त्यावर होता. दाबायचा अवकाश.
म्हटलं, बघू या, कुणी विचारतंय का.
तिबुर्सियोने विचारलं,
तरी मी दाबला नाही.

मग दाबला.
भोंग्यांतून वाक्याचं नुसतं शेपूट बाहेर आलं:
‘…हो की नाही?’
‘हो!’ सगळं कोर्ट.

घरी येऊन रेडिओचं रेकॉर्डिंग लावलं.
तो ‘हो’ लांबून येतो, भरतीसारखा, माणूस वेगळा काढता येत नाही.
एकच आवाज जवळचा आहे,
माईकपासून हातभरावरचा, स्पष्ट,
मागोमाग सिगारेटचा सुका खोकला.

तो खोकला माझी बायको झोपेतसुद्धा ओळखते.