सौंदड

शनिवारी सकाळी आम्ही जंगलात गेलो.
हसू नका. रास अल खैमाहून खत्तच्या रस्त्याला,
पेट्रोल पंपानंतर, जिथे डांबर संपतं
आणि चाकांचा आवाज एकदम मऊ होतो,
तिथं आहे.
प्रफुल्लने टायरची हवा कमी केली,
तिस्ताने पाण्याच्या बाटल्या मोजल्या,
ओजसने बाबागाडीत बसायला नकार दिला
आणि वाळूने बाबागाडीला.

बाबा थोडा वेळ आतच बसून राहिले.
आलापल्लीच्या सागवनात चौतीस वर्षं वनरक्षक,
इथे साठ दिवसांच्या व्हिसावर.
काच खाली करून म्हणाले,
"हे जंगल हाय? झाडं तं मोजता येऊन राह्यली, बाप्पा."
आणि खरंच मोजायला लागले.
एकशे बारावं झाड चालू लागलं.
तो उंट होता.

मग उतरले. हात मागे बांधून,
पाय न वाजवता, सवयीनं.
उंटाची मान जिथवर पोचते
तिथवर सगळी सावली उचललेली,
फूटपट्टी धरून कातरल्यासारखी.
दर वीस पावलांनी कुणाचा तरी बूट उपडा होई.
एका भुंग्याच्या पावलांची शिवण वाळूवरून जात होती,
ओजस तिच्या मागे, तिस्ता ओजसच्या मागे.

पहिल्या मोठ्या झाडाखाली बाबांनी
गळालेला पाला उचलला, दोन बोटांत चुरला,
हुंगला, जिभेला लावला.
"सौंदड," म्हणाले.
मग, जणू मी परकी असल्यासारखं, समजावून,
"शमी म्हणतेत ना, थेच."

फलकावर गाफ लिहिलं होतं,
खाली फांदी तोडण्याचा दंड.
तिस्ताने त्यातली शून्यं मोठ्यानं वाचली.
"बरोबर हाय," बाबा म्हणाले,
खात्यातल्या माणसानं खात्यातल्या माणसाला म्हणावं तसं.

"पांडवांची शमी? मग शस्त्रं कुठायत?"
ओजसने मान वर केली.
शेंड्याला एक निळी प्लास्टिकची पिशवी अडकली होती.
"ती बघ," तिस्ता म्हणाली,
"गुंडाळून ठेवलीत."

त्यांचा अज्ञातवास एका वर्षाचा.
आमचं अकरावं चालू आहे.
दवाखान्यात माझ्या बिल्ल्यावर सगुणाचं सागूना झालंय,
मी त्याही हाकेला वळते आता.
कुठल्या फांदीवर काय बांधून ठेवलं
हे आठवायला बसले
की ड्युटीची वेळ होते.

उंटामागून त्याचा राखणदार आला,
थरपारकरचा लखाडिनो, डोक्याला मफलर.
त्यानं खोडावर थाप मारली, "कंडी."
बाबांनी मारली, "सौंदड."
मोडक्या हिंदीत दोघं मुळांवर आले.
बाबा म्हणाले, तीस हात खोल.
तो म्हणाला, साठ.
बाबा म्हणाले, चाळीस.
माझा बाप कधी भाव करत नाही,
भाजी घेतानासुद्धा.

मग खाली वाकून त्यांनी मूठभर पाला वेचला.
एक पान तोडलं नाही.
"सोनं घ्या," म्हणाले.
जानेवारी होता. दसऱ्याला नऊ महिने होते.
लखाडिनोने विचारलं नाही काही,
दोन्ही हातांची ओंजळ केली.
आणि उंटानं लांब मान घालून
तिच्यातलं सगळं सोनं खाल्लं.
बाबा इतके हसले, की त्यांना खोडाला टेकावं लागलं.

घरी दारात सगळ्यांचे बूट झटकले.
पोरं जेवता जेवता झोपली.
रात्री फोनवर आई विचारत होती,
काय काय पाह्यलं, उंच इमारत पाह्यली का.
"जंगलात गेलतो," बाबा म्हणाले.
तिकडून आई काहीतरी बोलली. ते थांबले.
"विरळ हाय," म्हणाले.
"खालून दाट असन."