सेंटर पंच

लगोरीचे सात दगड मी आकड्यांत रचले.
प्रत्येकाला वजन दिलं, घर्षण दिलं,
जमिनीला बजावलं, तू हलायचं नाहीस.
ते कुणाला दिसत नाहीत.
दिसतं ते चित्र: वडगावात मागाच्या खोलीमागं पडलेला
काळा दगड, मोबाईलनं टिपून
कडा कातरून घेतलेला.

सेकंदाला साठ वेळा
मी दगडाला विचारते, कुठं आहेस, किती कललायस,
आणि तो सांगेल तिथं चित्र नेऊन ठेवते.
एवढंच काम.
पण तो मीटरात बोलतो, पडदा ठिपक्यांत.
त्याचं वर म्हणजे वर;
पडद्याचं शून्य आढ्याला टांगलेलं,
तिथून मोजत खाली यायचं.
पहिल्या रात्री अख्खी लगोरी आभाळात कोसळली.

उणे चिन्ह टाकलं, तशी खाली आली.
तरी दगड दगडावर बसेना.
चेंडू हवेलाच थडकायचा
आणि न लागलेला दगड उगाच सरकायचा.
गुरुत्व वाढवलं, उतरवलं,
आठवडाभर भलत्यालाच ओरडत बसले.

बाबा दुसऱ्या पाळीवरून आले.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर,
सदऱ्याला कूलंटचा वास.
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून वाकले:
"काय करालीस गं यल्लू? हे तरंगालंय की."

मी हिरव्या रेघा चालू केल्या,
दगडांच्या खऱ्या अंगाच्या,
खेळणाऱ्याला ज्या कधी दाखवायच्या नसतात.
रेघ एकीकडं. चित्र तिच्या
उजवीकडं, खाली, अर्ध्या अंगानं सुटलेलं.

"दगडाला कशाला बोलालीस?
खालच्या गिरणीची पाटी तिसऱ्यांदा रंगवली,
कन्नड मोठं झालं, मराठी कोपऱ्यात गेलं.
गिरणी हलली काय?"
मग खिशातनं सेंटर पंच काढून
माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर
टक्कन एक खूण.
"तो स्वतःला मधे धरालाय.
तू त्याला कोपऱ्यात धरलीस."

अर्धी रुंदी वजा. अर्धी उंची वजा.
दोन ओळी, आणि दगड
आपापल्या अंगात शिरले.

चेंडू मारला. पाच पडले,
एक घरंगळत पडद्याबाहेर गेला
(तो अजून पडतोय, त्याला थांबवायचं राहिलंय),
उरलेले थोडे थरथरले
आणि इंजिनानं त्यांना झोपवलं.
बाबा हात धुवायला गेले.
मी न हललेले दगड
सेकंदाला साठ वेळा
काढत राहिले.