मुलामा

आधी लाल आणि पिवळा. गाजर झालं.
मग चिमूटभर कोको. वीट.
मग टाचणीच्या टोकावर काळा,
आणि विटेचा चिखल झाला.
ओट्यावर सात वाडगे,
सातही खोटे.

डोमितिला चोके बजावून गेली होती:
"तांबडा नको. तांब्याचा हवा."
शनिवारी तिच्या नोल्बेर्तोचा निरोप समारंभ,
युनियनच्या हॉलमध्ये, साठ माणसं.
चौतीस वर्षं त्यानं खाणीत जो ट्रक चालवला
त्याचं एक चाकसुद्धा
माझ्या दुकानाच्या दारातून आत येणार नाही.

कालामाची हवा कोरडी, इतकी
की हात फिरवता फिरवता आयसिंग सुकतं.
ग्लिसरीनचे चार थेंब घालावे लागतात, नाहीतर
सकाळी केकला तडे, आटलेल्या नदीसारखे.
हे मला येतं. बावीस वर्षं हेच करते आहे.
बाहुलीचा गाल येतो, गुलाबाच्या पोटातली सावली येते,
आमच्या फुटबॉल क्लबचा केशरी तर झोपेतही येतो.
हे येईना.

रात्री अकराला फळीवरून
सासूबाईंचं मुरंब्याचं पातेलं उतरवलं,
बल्बखाली धरलं.
कुठे होता त्यात तांब्याचा रंग?
काठाला पांढरी रेघ. बुडाशी काळोख.
मध्ये खिडकी, वाकडी झालेली,
आणि खिडकीत मी, कपाळाला साखर लागलेली.
दिवसभर मी आरशाला
त्याचा रंग विचारत होते.

दुसऱ्या दिवशी बसनं अँतोफागास्ता,
तीन तास वाळवंट, भुकटीच्या एका डबीसाठी.
एका डबीवर लिहिलं होतं, विषारी नाही.
दुसरीवर, खाण्याजोगी.
पोरगी म्हणाली, एकच की हो.
एकच नव्हे. आमच्या गावात हे
कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
दुसरी घेतली. महाग होती.

मग असं:
खाली गडद तपकिरी थर, करपलेल्या साखरेचा.
तो पुरता सुकू द्यायचा, बोट लावून बघायचं नाही.
(मी बघितलं. मागच्या बाजूला आहे ते.)
भुकटी पाण्यात कालवायची नाही, पाणी साखर विरघळवतं.
पिस्कोत कालवायची, आमची द्राक्षाची कडक दारू,
पळीभर, बाकीची ज्याची त्यानं ठरवावी.
मऊ ब्रश, एकाच दिशेनं, मागे फिरायचं नाही.
ओलं असताना काहीच दिसत नाही.
मग दारू उडते.
धूळ राहते.

हे वाक्य मनात आलं आणि ब्रश थांबला.
डोमितिलाच्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून.
पहाटे साडेतीनला खोकला सुरू होतो,
चारला ती चूल पेटवते, पाणी ठेवते.
मी कूस बदलते.
इतकी वर्षं मला वाटायचं, सिगारेट.

शनिवारी दिवे लावले तेव्हा केक खरंच पेटला.
साठ माणसांनी फोन वर केले.
नोल्बेर्तो जवळ आला, चष्मा पुसला, वाकला.
"हा रंग मी कधी बघितलाच नाही," म्हणाला.
"मी वाहिला तो दगड. हिरवट, कुठे कुठे निळा,
तुमच्या भांड्यांना कळंक चढतो ना, तसा.
हे असं चकचकीत होऊन
कुठल्या वाटेनं जायचं, देव जाणे."
आणि सुरी बायकोच्या हातात दिली.

त्याच्या नातवानं भला मोठा तुकडा खाल्ला,
जीभ बाहेर काढली. तांब्याची.
सगळे हसले. नोल्बेर्तोही हसला,
मग हसण्याचा खोकला झाला,
आणि हॉलमधल्या निम्म्या पुरुषांनी
आपापल्या ग्लासात पाहिलं.

डोमितिलानं पैसे मोजून दिले, दोन नोटा जास्त.
मी एक परत केली. दुसरी ठेवली, बसभाडं होतं.
ब्रश तीनदा धुतला.
पाणी अजून चमकतंय.