बोलिव्हियाला समुद्र नाही

संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात, आई म्हणाली.
मी स्पॅनिश घेतलं. आठवी क,
जिन्याखालची खोली, आम्ही बावीस.

सबनीस मॅडमनी डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या.
ओजसला अर्जेंटिना, तो बाकावर चढून ओरडला.
शाल्मलीला स्पेन.
मला बोलिव्हिया.
नकाशात सापडायलाच वेळ लागला:
चहूबाजूंनी कुणी ना कुणी, किनारा कुठेच नाही.

पहिलं वाक्य फळ्यावर लिहून मोठ्याने वाचलं,
बोलिव्हिया नो तिएने मार.
मार म्हणजे समुद्र, हे सगळ्यांना ठाऊक,
तरी मागून इरफान,
मार नाही? मॅडम, मला तिकडेच पाठवा.

त्यांच्याकडे नदी पुल्लिंगी असते.
एल रिओ मुठा.
लकडी पुलावर सायकल थांबवून खाली पाहिलं,
गुडघाभर पाणी, जलपर्णी.
तो, असं म्हणून बघितलं. जमेना.

आणि ‘असणं’ दोन तऱ्हांचं,
एक कायमचं, एक तेवढ्यापुरतं.
डोंगर कुठे आहे, देश कुठे आहे
हे सांगताना मात्र तेवढ्यापुरतंच वापरायचं.
का, ते मॅडमनाही नीट सांगता आलं नाही.

ला पास किती उंच? बाबांनी हिशेब केला,
पावणेतीन सिंहगड, एकावर एक,
आणि वर पिठलं-भाकरी नाही.
समुद्र नाही तरी नौदल आहे, तळ्यात सराव करतं.
मी हसले. मग खडकवासला आठवला,
कणीस खाताना लांबवर दिसलेली
एनडीएच्या पोरांची शिडं.

तक्त्यावर मिठागराच्या जागी
फेव्हिकॉल लावून खरंच मीठ चिकटवलं, जाडं.
वरती तितिकाका, निळ्या स्केचपेनने.
ऑगस्टातली रात्र, तक्ता कपाटाला टेकवलेला.
सकाळी मिठाला पाणी सुटलेलं,
तळं त्यात विरघळून पश्चिमेला निघालेलं,
चिली ओलांडून थेट पॅसिफिकपर्यंत.

दुसरा करायला वेळ नव्हता.
मॅडम चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिल्या.
दोंदे एस्ता एल मार?
मी डागावर बोट ठेवलं. आकी.
त्यांनी लाल पेनाने
‘एस्ता’वरची राहिलेली तिरकी रेघ दिली.
दहापैकी सात.

तक्ता मार्चपर्यंत दाराशेजारी होता.
जाता-येता इरफान चिलीवर बोट घासून
जिभेला लावायचा, आणि वर्गाला कळवायचा:
आहे अजून खारट.