हाताशी

विजापूर रोड, तिसरा मजला, रात्रीचे साडेबारा.
भिंती अजून दुपार सोडतायत.
पंखा नुसताच ढवळतोय.
मी मशीनसाठी नियम लिहितेय:
काय जवळ ठेवायचं, काय लांब.

जवळची मेमरी महाग, अपुरी, चपळ.
लांबची स्वस्त, ऐसपैस,
आणि तिच्याकडून येईपर्यंत प्रोसेसर
रिकाम्या हातानं ताटकळत.
चार-चार केबीची पानं, कोट्यवधी,
कुणाच्याच कपाळावर लिहिलेलं नाही
की हे उद्या लागेल.

हे मी पहिल्यांदा पाहिलं चाटी गल्लीत,
चादरीच्या दुकानात. अप्पा तिथं वह्या लिहायचे
आणि मी पायरीवर पाढे.
काउंटरला नरसिम्लू चिलवेरी.
खपाचा माल मांडीला लागून: जेकार्ड चादरी, पंचे,
टेरी टॉवेल डझनावारी.
मधल्या फळ्यांवर मोराच्या नक्षीचे जोड.
माळ्यावर गेल्या दिवाळीचा जांभळा,
जो रंगवणाऱ्यालाही आवडला नव्हता.
शिडी एकच. पोरगाही एकच, यल्लप्पा.

लग्नसराईत गणित मोडायचं.
जांभळा उतरवला की गिऱ्हाईक निळा मागणार,
निळ्याला जागा करायला जांभळा वर,
तेवढ्यात नवरीची मावशी: जांभळाच दाखवा हो.
यल्लप्पा दिवसभर शिडीवर,
गल्ला तसाच.
"आज शिडीनंच धंदा केला बे," नरसिम्लू म्हणायचा.
आम्ही ह्याला थ्रॅशिंग म्हणतो.
त्याचं बरं होतं.

आणि त्याची एक खोड:
एखादा गठ्ठा लागतो की नाही कळेना,
तर मुद्दाम गोणपाटाखाली झाकून ठेवायचा.
कुणाचा हात तिथं जाऊन अडखळला,
"मंग हाय की गरज," म्हणत पुढं ओढायचा.
आठवडाभर कुणी विचारलं नाही, की शिडी.
कर्नलही हेच करतो.
पान जागेवरच असतं, तरी त्याच्या नावापुढं
खोटं 'नाही' लिहून ठेवतो
आणि दबा धरून बसतो: कोण ठेचकाळतंय.

एका वर्षी नरसिम्लूनं स्वतःवरच गोणपाट टाकलं.
चार दिवस खाडा. ताप नाही, गावाला नाही,
घरी बायकोच्या विड्यांची पानं कापत बसला.
तीन दिवस कुणी फिरकलं नाही.
चौथ्या दिवशी मालक स्वतः, स्कूटरवर, उन्हाचे:
"छत्तीसचा गठ्ठा कुठं ठेवलायस?"
पगार वाढला नाही. बसायला स्टूल मिळालं.

पण माझं घोडं अडलंय दुसरीकडं.

काउंटरखाली, उजव्या हाताला,
दुकानातल्या सगळ्यात महाग वीतभर जागेत
पांढऱ्या मांजरपाटाचा एक तागा असायचा.
महिन्यातून एकदा हात लागायचा त्याला.
कधी दोन महिन्यांनी.
माझ्या नियमानं तो पहिल्याच आठवड्यात माळ्यावर जातो.
मी विचारलं होतं, सतराच्या पाढ्यात थांबून.
त्यानं कात्री पुसली.
"हे मागायला येतो ना माणूस,
तो भाव करत नाही. बसत नाही. चहा नको म्हणतो.
त्याच्यासमोर शिडी लावू का?"

किती वेळा लागलं, मोजता येतं.
शेवटचं कधी लागलं, तेही.
लागलं तेव्हा समोरचा किती वेळ उभा राहू शकला असता,
हे मोजणारं काही
कुणी अजून चिपमध्ये बसवलेलं नाही.

दीड वाजला. खाली कुणीतरी ओरडलं, पाणी आलं.
पाचव्या दिवशीचं पाणी,
जिनाभर बादल्यांचा आवाज.
मी एक ओळ वाढवते: हे पान हलवू नये.
शेजारी कारण लिहायचं असतं.
'असू दे' लिहिते, खोडते.
मग लिहिते: मांजरपाट.

तपासणारा क्राकोवचा आहे, विचारणारच.
विचारू दे.
आधी पिंप भरून घेते.