ठिबक

मुंबई नाक्याजवळ, तिसरा मजला, खाट सात.
दर चौथ्या बुधवारी कार्तिकीला सलाईन लागतं.
सलाईन म्हणायचं आपलं; आत कोलेस्टेरॉलचं औषध.
वय वर्षं नऊ.

मी ठिबकच्या नळ्या जोडतो दिंडोरीकडे.
कुठला ड्रिपर चोंदलाय, बोटाला कळतं.
तिच्या कोपरावरच्या पिवळ्या गाठी मात्र
दोन वर्षं मला चामखिळी वाटल्या.

"तुम्हा दोघांकडून आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मामाचीच मुलगी केली होती मी,
घरातली माया घरात राहावी म्हणून.

राहिली.

कार्तिकी थेंब मोजते, एकोणचाळीसला चुकते,
पुन्हा एकपासून.
"पप्पा, द्राक्षाच्या वेलीलाही टोचतं का?"

मी नळीचा चिमटा उगाच चाचपतो.
नर्स म्हणते, हात लावू नका.